हनीफचाचांची दोन पोटांची गाडी

घुग्घुस

संक्रांत झाल्यावर आठवड्याची सुट्टी काढून मी आईकडे घुग्घुसला गेले, ती खरं तर स्वस्थ पडून राहायला. पुण्यात मी गाड्या बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनीअर होते आणि त्या वर्षी आमच्याकडे एकाच विषयावर बैठका चालल्या होत्या. पुढच्या काळात माणसं कशावर फिरणार? पेट्रोलवर, डिझेलवर, गॅसवर की बॅटरीवर? दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. परदेशात बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी मोटार निघाल्याच्या बातम्या येत होत्या आणि तिला हायब्रिड म्हणतात, हे आम्ही एकमेकांना नव्यानं सांगत होतो. मी स्वतः पाहिलेली अशी पहिली गाडी मात्र परदेशी नव्हती. ती घुग्घुसच्या मोठ्या रस्त्यावर हनीफचाचांच्या दुकानासमोर उभी होती आणि तिच्या सावलीत एक कोंबडी बसली होती.

चाचांचं बॅटरीचं दुकान आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. माझे बाबा कोळशाच्या खाणीत होते. त्यांची आणि त्यांच्या पाळीतल्या सगळ्यांच्या मोटरसायकलींची बॅटरी चाचांकडेच चार्जिंगला यायची. चाचांची मुलगी नफिसा माझ्या वर्गात. शाळा सुटली की आम्ही दोघी दुकानाच्या मागच्या खोलीत अभ्यासाला बसायचो. तिथला ॲसिडचा आंबट वास, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची बुडबुड, आमच्या फ्रॉकना पडलेली बारीक भोकं आणि त्यावरून दोघींच्या आयांची बोलणी. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की काळवंडलेल्या चेहऱ्यांच्या माणसांच्या मोटरसायकली रस्त्यावरून रांगेनं जायच्या. पेट्रोल, ऑइल आणि कोळशाची धूळ यांचा मिळून जो वास व्हायचा, तो बराच वेळ हवेत राहायचा. तो काही चांगला वास नव्हे, हे मला आता कळतं. पण पुण्यात एखादी जुनी दुचाकी निळा धूर सोडत गेली की मी अजून क्षणभर थांबते.

चाचांनी गाडी दाखवली. सांगाडा एका जुन्या तीनचाकीचा. मोटर गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या भंगारातली. कारखान्याच्या आवारात माल हलवायला बॅटरीची गाडी असते, तिची. सीटखाली ट्रकच्या बॅटऱ्या. आणि मागं तारेनं घट्ट बांधलेलं एक छोटं जनरेटर, लग्नाच्या वरातीत दिव्यांच्या मागं हातगाडीवर फटफटत असतं तसलं. ते पेट्रोलवर सुरू होई आणि गरम झालं की रॉकेलवर चाले.

"हे जनरेटर कशाला?" मी विचारलं.

"लाइन कुठी राह्यते बेटा?" चाचा म्हणाले. "बॅटरी उतरली तं चार्ज कुठी कराची? मनून याले दोन पोटं देले. एक खाली झालं तं दुसरं भरते."

शेजारचे दुकानदार तिला 'दोन पोटांची गाडी'च म्हणत. मी पुण्यातला शब्द सांगितला. चाचांनी तो एकदा उच्चारून पाहिला आणि सोडून दिला.

गाडी कोणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही. ते चाचींनी मला आत बोलावून सांगितलं. नफिसा नर्स झाली होती. चंद्रपुरात चांगल्या खासगी दवाखान्यात जागा मिळत असताना तिनं गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याच्याही पुढं, जंगलातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात नोकरी धरली होती. चाचांना ते मुळीच पटलं नव्हतं. एकटी मुलगी, तसला भाग, रोज पेपरात काही ना काही. ती ईदला यायची, बापलेक जेवायला समोरासमोर बसायचे आणि बोलायचे चाचींमार्फत. ती इतकी वर्षं तिथं राहिली, पण चाचा एकदाही तिकडं गेले नव्हते.

"आता गाडी बनवली, तं टेस्ट कराले जातो मनते," चाची म्हणाल्या. "त्याइले असंच जाता येत नाई ना. तू जाय संगं."

बाहेर आल्यावर चाचांनीही तेच विचारलं, वेगळ्या रीतीनं. "तू इंजिनीअर आहेस. तू बाजूले बसली तं लोक हसनार नाई."

लोक हसलेच. पण मी बसले.

मूलच्या वाटेवर

सकाळी धुक्यात निघालो. घुग्घुसपासून चंद्रपूरपर्यंत पुढं कोळशाचा ट्रक, मागं कोळशाचा ट्रक आणि मधे आम्ही, जवळजवळ आवाज न करता. ती शांतता मला फार विचित्र वाटली. या रस्त्यावरून मी लहानपणापासून गेले होते, पण गाडीत बसून या रस्त्यावरचे पक्षी कधी ऐकले नव्हते. चाचा मात्र सारखा हॉर्न वाजवत होते, कारण आमची चाहूल कुणाला लागत नव्हती.

चहाला थांबलो तिथं ट्रकवाले जमले. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, आव्हरेज किती? चाचा सांगायचे आणि दर वेळी आकडा थोडा वाढायचा. एका ट्रक ड्रायव्हरनं खाली वाकून बॅटऱ्या पाहिल्या आणि उभा राहून म्हणाला, "गाडी बेस आहे चाचा. पन ट्रक काई यावर चालत नाई. मले ओढाले किती बॅटऱ्या लागतीन? तेवढ्या टाकल्या तं कोळसा कुठी टाकू?"

आमच्या बैठकीत हेच सांगायला एका साहेबांनी तासभर घेतला होता.

चंद्रपूर ओलांडून मूलच्या रस्त्याला लागलो आणि जंगल सुरू झालं. साग पानं गाळायला लागला होता. उन्हं वर आली तशी रस्त्यावर पट्टे पडले. केळझरच्या अलीकडे चढ लागतो. गाडी मंद झाली, मग फारच मंद, आणि मोटरमधून जळका वास आला. चाचांनी तिथंच थांबवली. मोटर हात लावता येणार नाही इतकी तापली होती. मी म्हटलं, निवू द्या. चाचा म्हणाले, पाणी मारू. मी नको म्हणाले, त्यांनी मारलं. काही बिघडलं नाही, पण मी रागावून एका दगडावर जाऊन बसले आणि आईनं दिलेले तिळाचे लाडू एकटीच खायला लागले. थोड्या वेळानं चाचा येऊन शेजारी बसले आणि हात पुढं केला. आम्ही दोघांनी लाडू संपवले. मोरांचा आवाज येत होता. "तुमच्या लहानपनी मी तुमाले पिकनिकले आनलं नाई कधी," ते म्हणाले. 'तुम्हाला' म्हणजे मला आणि नफिसाला. गाडी निघाल्यापासून त्यांनी तिचा विषय काढला तो हा पहिला.

जनरेटर लावून, त्या फटफटीत एकमेकांशी ओरडून बोलत, दुपार कलली तेव्हा मूलला पोचलो.

मूल

मूल हे धानाचं गाव. शेतांत अजून धानाचे पुंजणे, म्हणजे कापून रचलेल्या पेंढ्यांचे ढीग, उभे होते आणि गावात शिरताच राइस मिलमधल्या कोंड्याची उबदार धूळ नाकात जाते. चाचांचे जुने गिऱ्हाईक मारोतरावभाऊ यांची एक लहानशी मिल होती, तिथं मुक्काम. त्यांच्या बाई मला आत घेऊन गेल्या आणि मी इंजिनीअर असूनही चुलीजवळच बसले, कारण थंडी फार होती. जेवायला नव्या तांदळाचा भात, तलावातल्या माशांचं तिखटजाळ कालवण आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. पुण्यात भात शेवटी थोडा घेतात. इथं भात हेच जेवण, आणि पहिला भात संपायच्या आत दुसरा पडतो. तिथं मी 'पुरे' म्हणाले तर बाईंना ते खरंच वाटेना.

मारोतरावभाऊंना गाडी पसंत पडली, पण त्यांचा प्रश्न निराळा होता. "कोंड्यावर चालंल का?" ते म्हणाले. "माझ्याइथी कोंडा फुकट पडून राह्यते. रॉकेल कार्डावर भेटते, पेट्रोल नगदीनं. कोंड्यावर करा, मी उद्याच घेतो."

चाचांनी यावर खरोखर विचार केला. जेवताना ते दोघं कोंड्याच्या गाडीचा आराखडा ताटाच्या कडेला बोटानं काढत होते.

सकाळी चौकात गडचिरोलीच्या काळ्यापिवळ्या जीप लागल्या होत्या. एका जीपवाल्यानं सांगितलं की त्याची गाडी मूळची पेट्रोलची, आता तिच्यात डिझेल इंजिन बसवलंय. "पेट्रोलवर सवारी नेऊन पोट नाई भरत," तो म्हणाला. "तुमच्या गाडीत कितीक बसतीन?" चाचा म्हणाले, चार. तो हसला नाही. त्यानं आपल्या जीपकडे पाहिलं. तिच्यात किती बसले होते हे मोजणं शक्य नव्हतं. टपावर एक बकरी होती.

वैनगंगा ओलांडून

व्याहाडच्या पुढं वैनगंगेचा पूल येतो. जानेवारीत नदी अर्धी वाळूच असते. वाळूत टरबुजांच्या वाड्या लागत होत्या, माणसं खड्डे करून त्यात खत भरत होती. पुलावर मी गाडी चालवायला घेतली आणि चाचा कठड्याकडे बघत बसले. पुलापलीकडे गडचिरोली जिल्हा.

"भीती वाटते का?" मी विचारलं.

"भेव नाई," ते म्हणाले. "ती मनंल, आता काऊन आले?"

मी गाडी चालवत राहिले.

गडचिरोलीत थांबून जेवलो, रॉकेल भरलं आणि धानोऱ्याचा रस्ता धरला. आता जंगल दोन्हीकडून जवळ आलं. साग मागं पडून मोह आणि ऐन, आणि मग बांबूच बांबू. त्या भागात तेव्हा रस्त्यावर पोलिसांचं नाकं असणं नवीन नव्हतं. आम्हाला थांबवलं आणि एका तरुण शिपायानं मागचं पोतं उचललं. खाली जाड वायरी, पत्र्याचा डबा, रॉकेलचा कॅन, आणि सीटखाली बॅटऱ्या. तो दोन पावलं मागं सरला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या काळात त्या रस्त्यावर असं सामान पाहून कोणीही मागं सरला असता. आम्हाला खाली उतरवून बाजूला उभं केलं. चाचा आधी समजावत होते, मग चिडले आणि मोठ्यानं बोलायला लागले. मी त्यांचा हात दाबत होते. मी माझं कारखान्याचं ओळखपत्र दाखवलं, त्याचा उलट परिणाम झाला. पुण्याची इंजिनीअर बाई वायरी घेऊन इथं कशाला आली, असं त्यांना वाटलं.

मग आतून एक वयस्क हवालदार बाहेर आले. कुठे निघालात, कोणाकडे, असं शांतपणे विचारलं. चाचांनी गावाचं नाव घेतलं आणि बऱ्याच अनिच्छेनं म्हणाले, "तिथी माझी पोरगी आहे. दवाखान्यात."

"नफिसा सिस्टर?"

चाचांनी मान हलवली.

"तुमी सिस्टरचे वडील? मंग पयले काऊन नाई सांगतलं?" हवालदारांनी शिपायाला खुर्ची आणायला लावली. "माझ्या सुनेचं बाळंतपन तिनंच केलं. पोरगं उलटं होतं. पावसात नाला भरलेला, गाडी पलीकडेच थांबली. सिस्टर नाल्यातून चालत आली, डोक्यावर पिशवी घेऊन. आज नातू माझा दौडते."

चाचा खुर्चीवर बसले नाहीत. गाडीच्या दांड्याला धरून उभे राहिले. हवालदार अजून एक-दोन गोष्टी सांगत होते, कुणाला साप चावला तेव्हाची, कुणाच्या तापाची. चहा आला. चाचांनी पेला हातात धरून ठेवला आणि तो तसाच निवला. निघताना ते हवालदारांना म्हणाले, "नाल्यात पानी किती होतं?"

हवालदारांनी हात छातीशी नेऊन दाखवला.

नफिसाचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. नफिसाला आवडणार नाही.

तो नाला आम्हालाही लागला, आता घोट्याएवढाच. तरी गाडी मधोमध गेली, मोटरला पाणी लागलं, काहीतरी फटकन झालं आणि संपलं. चाचांनी झाकण उघडून पाहिलं. मीही पाहिलं. दोघांनाही कळलं की इथं काही होणार नाही. मागून बांबूचा ट्रक आला, त्याच्या ड्रायव्हरनं दोर बांधला आणि दोन पोटांची गाडी डिझेलच्या मागं खेचली जात दवाखान्याच्या अंगणात पोचली.

नफिसा व्हरांड्यात उभी होती. बारीक झाली होती, उन्हानं रापली होती. तिनं आधी मला पाहिलं आणि हसली. मग ट्रकच्या मागं गाडीचं हँडल धरून बसलेले वडील पाहिले. हसू गेलं. ती पायऱ्या उतरून आली.

"अब्बा, हे काय आनलं?"

"तुझ्यासाठी गाडी."

"चालते?"

"चालत होती," चाचा म्हणाले.

नफिसा घाईघाईत माझ्याकडे वळून म्हणाली, "वर्षा, तू बस वं, मी आली. माझं डोकं नाई ठिकाण्यावर. दोन दिवसांपासून लाइन नाई. वादळात झाड पडलं तारेवर. उद्या इथी लसीकरन आहे, मंग आजूबाजूच्या पाड्यांवर, आन् फ्रीजमधला बरफ वितळून राह्यला. डॉक्टर जिल्ह्याले मीटिंगले गेले. मानूस पाठवला होता धानोऱ्याले बरफ आनाले, तो बसची वाट पाहत तिथीच बसला असंल."

आम्ही आत गेलो. लसींच्या फ्रीजला लावलेल्या थर्मामीटरवरचा पारा लाल रेघेच्या जवळ आला होता. त्या रेघेच्या वर तो राहिला की लस वाया. नफिसा झाकण उघडत नव्हती, फक्त बाहेरून बघत होती, आजाऱ्याकडे बघावं तशी. दूरच्या पाड्यांवरून आया लेकरांना टोपलीत घेऊन चालत येणार होत्या, काही तर आजच निघालेल्या.

चाचा बाहेर गेले ते पक्कड घेऊन. गाडीच्या मागची तार कापून त्यांनी जनरेटर उतरवलं, मी एका बाजूनं धरलं. व्हरांड्यात ठेवलं, वायर ओढली, दोरी खेचली. फटफट सुरू झालं. नफिसानं फ्रीजचं बटण दाबलं, आणि जनरेटर घुसमटून बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. फ्रीज सुरू होताना एकदम जोर मागतो, तो त्याला झेपेना. चाचांच्या कपाळावर घाम आला. मी म्हटलं, आधी रॉकेल बंद करा, निव्वळ पेट्रोलवर चालवा आणि चांगलं गरम होऊ द्या. या वेळी त्यांनी वाद घातला नाही. आम्ही तिघंही त्याच्याभोवती बसून राहिलो. चाचांनी कान लावला, मग नफिसाकडे बघून मान हलवली. तिनं बटण दाबलं. इंजिनाचा आवाज खाली गेला, खूप खाली गेला, आणि परत वर आला. आतून फ्रीजची घरघर ऐकू आली.

नफिसा थर्मामीटरसमोर उकिडवी बसली. पारा रेघेशीच बराच वेळ थांबला, ओलांडला नाही, आणि मग हळूहळू उतरू लागला. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि बापाला म्हणाली, "अब्बा, मले गाडी नोको. हे ठेवून जाल का?"

"हेच आनलं आहे तुझ्यासाठी," चाचा म्हणाले. हे खरं नव्हतं, आणि तिला ते माहीत होतं.

पुढं काय झालं ते सांगते. जनरेटर तिथंच राहिलं आणि त्यानं दोन पावसाळे काढले. बॅटऱ्यांवर बाळंतपणाच्या खोलीत दिवा लागू लागला. सांगाडा त्याच बांबूच्या ट्रकनं परत घुग्घुसला नेला, चाचांनी त्याला पुन्हा पेट्रोलचं इंजिन बसवून विकून टाकलं. पुण्यात बैठकीत मला विचारलं, तुमच्याकडे पुढं काय चालेल? मी सांगितलं की ट्रक अजून बरीच वर्षं डिझेलच पितील, पाळीवर जाणारी माणसं पेट्रोलची मोटरसायकल सोडणार नाहीत, गावातल्या गावात बॅटरीची तीनचाकी नक्की येईल, पण आधी तिथं लाइन नीट पोचवा. साहेबांनी विचारलं, हे कशावरून? मी फ्रीजची गोष्ट सांगितली. आता चंद्रपुरात स्टेशनबाहेर बॅटरीच्या रिक्षा रांगेनं उभ्या असतात. त्या पाहायला चाचा नाहीत. नफिसा गडचिरोलीला आहे आणि तिच्या स्कूटरमध्ये पेट्रोल टाकावं लागत नाही.

मला मात्र तिथली शेवटची सकाळ आठवते. माझी बस लवकर होती, चाचा आणखी काही दिवस थांबणार होते. लाइन अजून आली नव्हती. व्हरांड्यात जनरेटर फटफटत होतं आणि सगळ्या अंगणाला रॉकेलचा वास येत होता. नफिसाला जंगलातल्या एका आतल्या पाड्यावर लस द्यायला जायचं होतं, तिकडे कसलीच गाडी जात नव्हती. तिनं बर्फाची निळी पेटी भरली, आणि ती उचलायच्या आत चाचांनी ती खांद्याला लावली. मी बसच्या खिडकीतून पाहिलं, दोघं बांबूमधल्या पायवाटेनं चालले होते, ती पुढं, ते मागं. थोड्या अंतरावर ती थांबली, ते पोचेपर्यंत उभी राहिली, आणि मग दोघं शेजारी शेजारी चालू लागले. चाचा काहीतरी विचारत होते, ती हात हलवून सांगत होती. वळणाजवळ त्यांनी पेटी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. नफिसानं हात पुढं केला. त्यांनी पेटी दिली नाही.